हिंगोलीहून खांडव्याला जाताना गाडी स्वतःच्याच डोक्यावरून का जायची?

मागच्या भागात आपण घाटातल्या रेल्वेबद्दल बोललो. कसारा, खंडाळा, कोकण रेल्वे सगळं झालं. त्यावर हिंगोलीकडच्या एका श्रोत्यांनी विचारलं, "आमच्या गाडीचं काय? ती पण डोंगर चढायची की!" खरं आहे. म्हणून हा भाग हिंगोलीच्या लाइनीवर. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

आधी लाइन समजून घेऊ

निजामाच्या काळात, १९१२ साली, पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेज रेल्वे आली आणि बरीच वर्षं तिथेच थांबली. हिंगोली म्हणजे शेवटचं स्टेशन. स्वातंत्र्यानंतर, १९६०च्या आसपास, हिंगोली ते खांडवा हा तुकडा जोडला गेला. मग वाशीम, अकोला, अकोट, धुळघाट, खांडवा आणि पुढे महू, इंदूर, रतलाम, अजमेर, जयपूर असा अखंड मीटरगेज रस्ता तयार झाला. हैदराबादहून जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच रस्त्याची. औंढ्या नागनाथाचं दर्शन घेऊन हिंगोलीत गाडीत बसायचं आणि ओंकारेश्वर रोडला उतरायचं. गावाकडची जुनी माणसं हे अजून सांगतात.

पिवळ्या पाटीवरचा आकडा

प्रत्येक स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. "ती वाचून ड्रायव्हर वेग ठरवतो" असं खूप जण सांगतात. तसं नाही. ड्रायव्हरला पुढचा रस्ता पाठ असतो, आणि रुळाच्या कडेला चढ जिथे बदलतो तिथे खांब असतो. त्याचा हात वर किंवा खाली झुकलेला, आणि त्यावर आकडा. १०० लिहिलं असेल तर १०० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर चढ किंवा उतार.

आता गावांची उंची ढोबळमानाने बघा. हिंगोली ४५७ मीटर, वाशीम ५४६, अकोला २८२. म्हणजे हिंगोली सोडल्यावर गाडी आधी वर चढते आणि वाशीमच्या पुढे पठारावरून खाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात उतरते. वाशीम ते अकोला सुमारे २६४ मीटरचा फरक, पण त्यासाठी जवळपास ८० किलोमीटर रूळ मिळतो. सरासरी काढली तर ३०० मीटरला १ मीटर. मधे कुठे जास्त, कुठे कमी, पण एकूण जमतं. इथे डोंगराला गोल फेरी मारायची वेळ येत नाही.

खरी अडचण अकोटच्या पुढे आहे. सपाट काळी जमीन संपते आणि समोर एकदम सातपुड्याची, गाविलगडच्या डोंगरांची भिंत उभी राहते.

रेल्वेला चढ इतका का जड जातो?

एसटी बस २० मीटरला १ मीटर असा घाट सहज चढते, कारण रबरी टायर डांबराला धरून राहतो. रेल्वेचं चाक लोखंडी आणि रूळही लोखंडी. सपाटीवर हाच मोठा फायदा. एक टन वजन ओढायला साधारण दोन-तीन किलोची ओढ पुरते. पण १०० ला १ चा चढ आला की टनामागे आणखी १० किलो ओढ लागते. नुसत्या एवढ्याशा चढाने इंजिनाचं काम चौपट-पाचपट होतं! त्यात चाक घसरायची भीती वेगळी.

मग डोंगर आला की इंजिनिअरकडे मोजकेच उपाय उरतात.

पहिला, चढ तीव्र ठेवायचा आणि मागून जादा इंजिनं लावायची. कसारा आणि खंडाळ्याला ३७ ला १ चा चढ आहे, म्हणून तिथे बँकर इंजिनं गाडी ढकलतात.

दुसरा, बोगदा. इथे एक गैरसमज असतो. लोकांना वाटतं, बोगदा पाडला की चढ संपला. डोंगराच्या दोन्ही बाजूंना जमीन साधारण सारख्या उंचीवर असेल तरच ते खरं. कोकण रेल्वेचं बरंचसं असंच आहे. बोगदे आणि पुलांच्या जोरावर तिथे चढ १५० ला १ इतकाच ठेवता आला. पण डोंगरापलीकडे उंच पठार असेल, तर बोगद्यातून जा नाहीतर बाहेरून, तेवढी उंची चढावीच लागते.

तिसरा, रस्ताच लांबवायचा. ६० मीटर चढायचे आहेत आणि चढ १०० ला १ ठेवायचा आहे, तर ६ किलोमीटर रूळ हवा. समोर जागा दोनच किलोमीटर असेल तर उरलेला रूळ गुंडाळायचा, गढीतल्या गोल जिन्यासारखा.

वान रोड आणि धुळघाट या स्टेशनांच्या मधे हेच केलं होतं. गाडी गोल वळसा घेत चढायची आणि ज्या रुळावरून आली त्याच्याच वरून पुलाने पलीकडे जायची. हिशोब सोपा आहे. समजा वळणाची त्रिज्या २०० मीटर, तर एक फेरी सव्वा किलोमीटरची. १०० ला १ च्या चढाने तेवढ्यात १२ मीटर उंची मिळते. खालून गाडी जायला तेवढी पुरे. भारतात असे वळसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दार्जिलिंगचा बतासिया लूप सगळ्यांना माहीत आहे, आपला धुळघाट फारसा कुणाला माहीत नाही.

मग ते गेलं कुठे?

मीटरगेजचे रूळ एक मीटर अंतरावर, ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटरवर. मीटरगेजला १०९ मीटर त्रिज्येचं वळणही नियमात बसतं, ब्रॉडगेजला किमान १७५ मीटर लागतात, आणि वेग हवा असेल तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे जुना वळसा नुसता रुंद करून भागत नाही, बऱ्याच ठिकाणी वाटच नव्याने आखावी लागते.

पूर्णा ते अकोला २००८ साली ब्रॉडगेज झालं. अकोला–खांडवा मीटरगेज २०१७च्या सुरुवातीला बंद झालं. अकोटपर्यंत नवी लाइन आली, गाडीही सुरू झाली. खांडव्याकडूनही आमला खुर्दपर्यंत काम झालं. मधला तुकडा मात्र अडला, कारण तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. रेल्वे त्याच्या आधीपासून तिथे होती, हे खरं. पण दिवसातून चार संथ मीटरगेज गाड्या वेगळ्या आणि रात्रंदिवस धावणाऱ्या ब्रॉडगेज मालगाड्या वेगळ्या. वाद न्यायालयापर्यंत गेला, राज्य सरकारनेही जंगलाबाहेरून जा असं सांगितलं, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद, सोनाळ्याकडून जाणारी लांबची वाट पुढे आली.

हिंगोलीकराला याची किंमत मोजावी लागते. अकोल्याहून खांडवा जुन्या वाटेने १७४ किलोमीटर. आता भुसावळवरून गेलं तर सुमारे ९० किलोमीटर जास्त. त्यामुळे "वाघ महत्त्वाचे की माणसं?" असा प्रश्न ऐकू येतो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. डोंगर चढायचा तर रेल्वेला रस्ता लांबवावाच लागतो, हे आपण आत्ताच बघितलं. उंचीसाठी आपण धुळघाटला गोल फिरलो आणि त्याचं कौतुक केलं. मग जंगलासाठी थोडं लांबून जायला काय हरकत? फक्त ती लांबची वाट कागदावर राहू नये, एवढंच हिंगोलीने मागावं.

वळशाची मजा अनुभवायची असेल तर याच जुन्या मीटरगेज रस्त्याचा एक तुकडा अजून जपलेला आहे. महूजवळ पातालपाणी ते कालाकुंड, चार बोगदे असलेला घाट. होळकरांच्या काळातल्या या रुळांवर २०१८च्या डिसेंबरपासून हेरिटेज गाडी चालते. जाण्याआधी ती चालू आहे ना, तेवढं विचारून घ्या.

धुळघाटच्या वळशावरून तुम्ही कधी गेला असाल, खिडकीतून खालचा रूळ बघितला असेल, तर आठवण नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.