माळ्यावरचें बाड

जळगांवच्या आमच्या जुन्या घराचा माळा झाडतांना हस्तलिखित पोथ्यांचें एक जीर्ण बाड निघालें होतें. वडील मंडळींनीं तें न उघडतांच, मोठ्या भक्तिभावानें, गिरणेच्या पाण्यांत सोडिलें. त्यांत काय होतें, हें आतां कोण सांगणार?

ही चुटपुट मनांत घेऊनच आम्ही धुळ्यास श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर पाहावयास गेलों. १९३५ सालीं स्थापन झालेल्या या मंदिराचें धन म्हणजे जुनीं हस्तलिखितें. समर्थसंप्रदायाचीं अशीं बाडें मठामठांतून व घराघरांतून मिळविण्यांत धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनीं आयुष्य वेंचिलें. पुण्यामुंबईच्या प्रकाशकांची वाट त्यांनीं पाहिली नाहीं. धुळ्यांत १८९३ सालीं स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारें त्यांनीं ‘श्रीरामदास आणि रामदासी’ ही ग्रंथमाला चालविली. नकलांमागून नकला होतांना पाठ बदलत जातात. म्हणून दासबोध छापतांना त्यांनीं डोमगांवच्या मठांतील कल्याणस्वामींच्या हातची प्रत आधारास घेतली. संप्रदायाचा इतिहास संप्रदायाच्याच माणसानें असा पदरमोड करून राखिला.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर एखादें बाड असेल. तें गंगार्पण करण्यापूर्वीं एकवार उघडावें. पानांचा क्रम मोडूं नये. शेवटचें पान अवश्य वाचावें. लेखनकाराचें नांव व शक बहुधा तेथेंच असतो. मग तें जाणत्याच्या हातीं द्यावें. आमच्या हातून जें घडलें, तें आपल्या हातून न घडो.