दंड म्हणावा की कर?

शिरवळच्या एखाद्या घरात आज दोन कागद सहज सापडतील. एक, थोरल्या मुलाचे कारखान्यातील पगारपत्रक. त्यात ‘ईएसआय’ या नावाखाली काही रक्कम कापलेली असते. दुसरा, धाकट्याच्या मोटारसायकलची महामार्गावर फाडलेली पावती. कारण विमा नव्हता. दोन्ही पैसे विम्यापायी गेले, आणि सक्तीने गेले. घरातील वडील मंडळी म्हणतात, “नाव काहीही द्या, सरकारने कर घेतला!” हे म्हणणे कितपत खरे, ते आपण पाहू.

प्रश्न केवळ शब्दाचा नाही. कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येत नाही, असे आपल्या राज्यघटनेचे २६५ वे कलम सांगते. दंडाला आधी कायद्याचा भंग व्हावा लागतो. आणि फी घेणाराने मोबदल्यात सेवा द्यावी, अशी अपेक्षा असते. म्हणजे नाव बदलले की देणाराचा हक्कही बदलतो.

मोटारसायकलचे उत्तर सोपे आहे. आपल्या वाहनाने दुसऱ्यास इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी, म्हणून हा विमा सक्तीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळी दोन हजार व पुढे चार हजार रुपये दंड ठरला. कैदेचीही तरतूद आहे. पण दोन हजार भरले म्हणजे विम्यावाचून फिरण्याचा परवाना मिळाला, असे होत नाही. ते वर्तन कायद्याला नकोच आहे. हा उघड दंड होय.

परंतु विमा वाहनाचा नसून माणसाच्या आरोग्याचा असेल तर? हा पेच अमेरिकेत पडला. तेथील २०१० च्या कायद्याने बहुतेक नागरिकांवर आरोग्यविमा घेण्याचे बंधन घातले. न घेणाराने २०१४ पासून ठरावीक रक्कम भरावयाची होती. कायद्यात तिला ‘दंड’च म्हटले होते. विरोधकांचा सवाल असा : एखादी वस्तू विकत घेतली नाही म्हणून सरकार दंड कसा करील? २८ जून २०१२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. व्यापार-नियमनाच्या अधिकाराखाली अशी खरेदी लादता येत नाही, हे विरोधकांचे म्हणणे न्यायालयाने मानले. तरीही ती रक्कम कर म्हणून टिकते, असे ठरविले. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांची कारणे ध्यानात घेण्यासारखी आहेत. रक्कम विम्याच्या हप्त्याहून जास्त होणार नव्हती. ती प्राप्तिकराबरोबर, करखात्यामार्फतच गोळा व्हावयाची होती. आणि ती भरणारा गुन्हेगार ठरत नव्हता. पुढे २०१७ च्या कायद्याने ही रक्कम २०१९ पासून शून्यावर आणली.

आपल्याकडे असाच वाद त्याआधी, १९५४ साली, होऊन गेला होता. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० याखाली देवस्थानांसारख्या विश्वस्त संस्थांकडून एक वर्गणी घेतली जाई. हा करच आहे आणि तो राज्याला बसविता येत नाही, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने ती वर्गणी फी ठरविली. कारण तो पैसा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता, त्याच संस्थांच्या देखरेखीसाठी केलेल्या वेगळ्या निधीत जात होता.

आता थोरल्याच्या पगारपत्रकाकडे वळू. कामगार विम्याचा कायदा १९४८ चा. त्याचा आशय आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. जुलै २०१९ पासून ठरलेल्या दराने कामगार पाऊण टक्का आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. वीस हजार पगार असेल तर कामगाराचे दीडशे व मालकाचे साडेसहाशे, मिळून आठशे रुपये. येथे सक्ती आहे, पण अपराध नाही. म्हणून हा दंड नव्हे. पैसा वेगळ्या निधीत जातो, आणि त्यातून कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषधोपचार, आजारपणात रोख भत्ता मिळतो. वरची कसोटी लावली, तर आमच्या मते ही कराहून फीला अधिक जवळची, विम्याची वर्गणीच आहे. दंड येतो तो पुढच्या पायरीला : मालकाने भरणा चुकविला तर व्याज व नुकसानभरपाई, आणि कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे भरलेच नाहीत तर कैदेचीही तरतूद.

तेव्हा नावावर न जाता तीन प्रश्न विचारावेत. भरणारा अपराधी ठरतो काय? पैसा कोणत्या निधीत जातो? आणि मोबदल्यात काय मिळते? दंड झाला तर चूक सुधारावी. कर असेल तर निवडून दिलेल्या प्रतिनिधीस जाब विचारावा. पण वर्गणी असेल तर दवाखान्याच्या खिडकीवर ताठ मानेने उभे राहावे. थोरल्याच्या आईला ताप आला आणि ती त्याच्यावर अवलंबून असली, तर तेथे मिळणारे औषध हे कोणाचे उपकार नव्हेत. त्याचे दीडशे रुपये दर महिन्याला त्यासाठीच कापले जातात. ते जमा होतात की नाही, हे पाहणे मात्र त्याचे काम आहे.