वेशीवरचा अठरावा उपस्वर

‘चार चाकं’ हे दोन शब्द सावकाश म्हणून बघा. पहिल्या ‘च’ला जीभ टाळूला टेकते, दुसऱ्याला पुढे सरकून दातांच्या मुळाशी जाते. अक्षर एकच, पण मराठी कान या दोघांत कधी गल्लत करत नाही. हा फरक राहतो कुठे? जीभ सुटताना जी बारीक हवा निसटते, तिच्या सळसळीत. ‘चार’ची सळसळ थोडी खालची, ‘चाकं’ची वरची, आणि दोन्ही दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वर.

मी घरी बनवलेल्या पहिल्या स्पीकरमधून हा फरक समोर बसलं तर ऐकू यायचा, स्वयंपाकघराच्या दारातून नाही. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरात ते अंतर जेमतेम सहा पावलांचं. तरी रेडिओवरचा निवेदक त्या दारापाशी तोंडावर रुमाल धरल्यासारखा बोलायचा. खोकी सुताराकडून एकोणीस मिलिमीटरच्या प्लायवूडची करून घेतली होती. साडेसहा इंची वूफर आणि एक इंची रेशमी घुमटाचे ट्विटर दादरला गाडी बदलून, ग्रँट रोडला उतरून, लॅमिंग्टन रोडवरून आणले होते. ट्विटरच्या वाटेत एक कंडेन्सर लावला होता, टू पॉइंट टू मायक्रोफॅरडचा. स्वस्त स्पीकरांत हाच दिसतो म्हणून मीही तोच लावला.

कंडेन्सर जाड स्वरांना अडवतो, बारीक स्वरांना जाऊ देतो. कुठून जाऊ द्यायचं ते त्याच्या आकड्यावर ठरतं. आठ ओहमच्या ट्विटरला २.२चा कंडेन्सर लावला की वूफर आणि ट्विटरमधली वेस पडते सुमारे ९००० हर्ट्झवर. तिच्या खालचं सगळं एकट्या वूफरने बोलायचं. तो बोलतोही, पण फक्त नाकासमोर. असं का, हे समजलं त्या दिवशी मी पट्टी घेऊन वूफरचा कागद मोजत बसलो होतो.

ठाण्याच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. म्हणजे १०० हर्ट्झची एक लाट साडेतीन मीटर लांब, आमच्या बाहेरच्या खोलीएवढी. १००० हर्ट्झची ३५ सेंटिमीटर. आणि २५०० हर्ट्झची १४ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. माझ्या वूफरचा हलणारा कागद १३ सेंटिमीटर रुंद भरला. समोर बसलेल्याला या कागदाच्या दोन्ही कडांचा आवाज एकदमच पोचतो. बाजूला बसलेल्याला मात्र जवळच्या कडेचा आधी आणि पलीकडच्या कडेचा मागाहून. लाट खोलीएवढी असेल तर एवढ्याशा उशिराने काही बिघडत नाही. लाट कागदाएवढी झाली की तोच उशीर एका लाटेचं शिखर दुसरीच्या दरीवर नेऊन ठेवतो आणि आवाज आवाजालाच खाऊन टाकतो. अडीच हजारांच्या वर माझा वूफर टॉर्चच्या झोतासारखा बोलू लागत होता, आणि स्वयंपाकघर झोताबाहेर होतं.

मग वेस खाली आणायची, एवढंच ना? मी दहा मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला. वेस आली २००० हर्ट्झवर. आठवडाभर घर उजळल्यासारखं वाटत होतं. गणपतीच्या दिवसांत आवाज चढवला, तेव्हा ट्विटर आधी फाटल्यासारखा बोलू लागला आणि मग गप्प झाला. उघडून पाहिलं, तर घुमटाच्या मागचं केसासारख्या तारेचं वेटोळं काळं पडलेलं. त्याला जळक्या लाखेचा वास येत होता.

इथे जे गणित आहे ते मला आजही चकित करतं. तेवढाच आवाज एक सप्तक खालून हवा असेल, तर घुमटाला चौपट हालावं लागतं. दुप्पट नव्हे, चौपट. आणि या घुमटाला पुढेमागे व्हायला जागा असते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एकटा कंडेन्सर दर सप्तकाला आवाज निम्मा करतो. चौपटीचं निम्मं म्हणजे दुप्पट, त्यामुळे वेशीच्या खालीही घुमटाची धाव प्रत्येक सप्तकाला दुपटीने वाढतच राहते, थेट त्याच्या स्वतःच्या अनुनादापर्यंत. माझ्या ट्विटरचा अनुनाद होता ११०० हर्ट्झच्या जवळ. बहुतेक जाणकार वेस अनुनादाच्या दुपटीच्या खाली आणू नका असं सांगतात, ते यासाठी.

पण कंडेन्सरला एका तांब्याच्या कॉइलची जोड द्या. आता वेशीखाली प्रत्येक सप्तकाला आवाज एक चतुर्थांश होतो. घुमटाची गरज चौपट, पुरवठा चतुर्थांश, हिशेब तिथल्या तिथे फिटतो आणि धाव वाढायची थांबते. थोडंसं तांबं आणि एक साधा भागाकार एवढ्यावर रेशमाचा जीव वाचतो.

वेस अशी खाली आणली की ती कानाच्या दारापाशीच येते, हे आणखी एक नवल. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर, आतून पडद्याने बंद. एका बाजूने बंद नळी तिच्या चौपट लांबीच्या लाटेला घुमते. म्हणजे १० सेंटिमीटरची लाट, साडेतीन हजार हर्ट्झ. जिथे कान सर्वांत तिखट, त्याच आसपास आपण आवाजाला दोन तोंडांत वाटतो. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेल्या एलएस थ्री-फाइव्ह-ए या छोट्या स्पीकरची वेस ३००० हर्ट्झवर होती. त्याचा वूफर ११० मिलिमीटरचा. कागद लहान, म्हणून वेस वर. त्यांच्या आकड्याची नक्कल करून माझं भागणार नव्हतं. माझा आकडा माझ्या पट्टीवरच होता.

माझ्या वूफर-ट्विटरमधलं अंतरही मोजलं. वूफरच्या केंद्रापासून ट्विटरच्या केंद्रापर्यंत १४ सेंटिमीटर. हे अंतर वेशीवरच्या लाटेहून जास्त झालं, तर बसून ऐकताना एक आवाज आणि उभं राहून दुसराच. आमच्याकडे गाणं सतरंजीवर बसून ऐकतात, मध्येच कुणी चहा आणायला उठतं, त्यामुळे ही गोष्ट मला पुस्तकातल्यापेक्षा मोठी वाटली. १४ सेंटिमीटरची लाट म्हणजे पुन्हा २५०० हर्ट्झ. कागदाची रुंदी, दोघांमधलं अंतर, अनुनादाची दुप्पट, तिघांनी बोट ठेवलं जवळजवळ एकाच जागी.

जोडणीची रीत सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या ह्यूलेट-पॅकार्डच्या दोन अभियंत्यांची, १९७६ सालची. तिच्यात वेशीवर प्रत्येक तोंडाने नेमका अर्धा आवाज द्यायचा. माझ्या आकड्यांना ट्विटरसाठी ३.९ मायक्रोफॅरड आणि एक मिलीहेन्रीची कॉइल लागली, वूफरसाठीही तेच दोन नग, जागा बदलून. आठ ओहम हा आकडा प्रत्यक्षात सुरासुराला बदलतो, म्हणून नंतर थोडी कानावर दुरुस्तीही करावी लागली.

या रीतीत ट्विटरच्या तारा उलट्या जोडायच्या असतात. मी आधी मुद्दाम सुलट जोडल्या आणि पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा, सगळे स्वर मिसळलेला आवाज लावला. वूफरवर हात ठेवला, तो थरथरत होता. ट्विटरला कान लावला, तो बोलत होता. दोन पावलं मागे येऊन बसलो, तर पावसाच्या मधोमध एक भोक. दोघेही बोलताहेत आणि अडीच हजारांवर काहीच नाही, कारण एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. डाग काढले, तारा फिरवल्या, आणि भोक भरून आलं.

मग तानपुरा लावला. त्याची घोडी रुंद, तिच्यावर सुताचा एवढासा दोरा सरकवून जवारी उघडतात. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी या वाद्यावर लिहिलं. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूमुळे जे उपस्वर उमटूच नयेत, तेही तानपुऱ्यात ठसठशीत ऐकू येतात, हे त्यांनी नोंदवलं. म्हणून हे वाद्य वेशीची सर्वांत कठोर परीक्षा घेतं. गायकाला स्वयंभू गंधार देणारी ही उपस्वरांची रांग वूफरमधून निघून ट्विटरमध्ये चढते, आणि सांधा कच्चा असेल तर चढताना अडखळते.

काळी एकची जोडाची तार १३८.६ हर्ट्झवर बोलते. मूळ स्वराला पहिला धरून मोजत गेलं, तर सतराव्यापर्यंतचे सगळे वेशीच्या अलीकडे, एकोणिसाव्यापासूनचे पलीकडे. अठरावा येतो २४९५ हर्ट्झवर, नेमका वेशीवर. तार छेडली की तो अर्धा कागदातून निघतो, अर्धा रेशमातून, आणि सतरंजीवर पोचेपर्यंत एक होतो.