एका फळीचा प्रपंच

आपल्या घरांत दिवसभरांत 'बोर्ड' हा इंग्रजी शब्द किती वेळां उच्चारला जातो, ह्याची गणती कोणी केली आहे काय? दहावींतल्या मुलाला बोर्डाची परीक्षा द्यावयाची असते. दुकानाचा पत्ता विचारला तर "वर निळा बोर्ड दिसेल" असें उत्तर मिळतें. दिवा लागला नाहीं कीं कोणी विजेच्या बोर्डाकडे पाहतो. सुटीत मुलें कॅरमबोर्डाभोंवतीं बसतात. काका एखाद्या सहकारी बँकेच्या बोर्डावर असतात. आजोबा 'बोर्डिंगां'त राहून शिकलेले असतात, आणि नात परदेशीं जातांना 'बोर्डिंग पास' हातांत घेऊन निरोप घेते. परीक्षा, पाटी, खेळ, कारभार, वसतिगृह आणि विमान! ह्या सर्वांचा एकमेकांशीं संबंध तो काय?

कोश उघडावा तर तेथें ह्या अर्थांपुढें एक, दोन, तीन असे आंकडे घातलेले आढळतात, आणि विद्यार्थी ते पाढ्यांप्रमाणें पाठ करतो. ज्याचीं तीस-पस्तीस वर्षें फळ्यापुढें उभें राहण्यांत गेलीं, अशा माझ्यासारख्या शिक्षकाला ह्या घोकंपट्टीची खंत वाटते. शब्दाचे अर्थ हे वाटेवर विखुरलेले खडे नव्हेत. त्या एका झाडाच्या फांद्या असतात. खोड सांपडलें म्हणजे फांद्या पाठ कराव्या लागत नाहींत. आज ह्या एका शब्दाचें खोड शोधण्याचा विचार आहे.

इंग्रजी भाषेच्या अगदीं जुन्या अवस्थेंत, म्हणजे हजार वर्षांपूर्वींही, 'बोर्ड' ह्याचा अर्थ लांकडाची फळी असा होता. परंतु ह्याच उच्चाराचा दुसराही एक शब्द त्या काळीं होता, व त्याचा अर्थ कड, कांठ, विशेषतः जहाजाची बाजू, असा होता. हे दोन शब्द मुळांत निरनिराळे होत, असें भाषापंडितांचें मत आहे. पुढें त्यांचें रूप एकच असल्यामुळें ते दोन प्रवाहांप्रमाणें एकमेकांत मिसळून गेले. म्हणून बोर्डाचें घराणें एक नसून दोन आहेत, एवढें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत ठेवावें.

प्रथम फळीचें घराणें पाहूं. मध्ययुगांत इंग्लंडांतील मोठ्या घरांतून जेवणाच्या वेळीं लांकडी घोड्यांवर फळ्या मांडीत आणि जेवण आटोपलें कीं त्या उचलून ठेवीत. आपल्याकडे पाट मांडावेत आणि उचलावेत, तसाच हा प्रकार. जी फळी जेवणासाठीं मांडावयाची, तिलाच बोर्ड म्हणजे मेज हा अर्थ आला. पुढें लॅटिनांतून आलेल्या 'टेबल' ह्या शब्दानें बोर्डाला त्या जागेवरून हळूहळू उठविलें. गंमत ही कीं, टेबलाचें मूळ जो लॅटिन 'ताबुला' शब्द, त्याचाही अर्थ फळीच! एका फळीची जागा दुसऱ्या फळीनें घेतली, इतकेंच.

मेजावरून अर्थ मेजावरील अन्नाकडे सरकला. 'बोर्ड अँड लॉजिंग' म्हणजे जेवण आणि राहणें. घरापासून दूर राहून पैसे देऊन जेवणारा तो बोर्डर, आणि जेथें मुलांच्या जेवणाखाण्याची व राहण्याची सोय होते, ती बोर्डिंग स्कूल. ह्याच वाटेनें 'बोर्डिंग' हा शब्द महाराष्ट्रांत आला व येथें त्यानें मोठें काम केलें. आपल्यांतील कित्येकांच्या आजे-पणज्यांनीं वार लावून, सात दिवस सात घरीं जेवून विद्या संपादिली. ज्यांना वार लावावयास घरेंच मिळत नसत, त्यांनीं काय करावें? कोल्हापुरांत शाहू महाराजांच्या पुढाकारानें १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, आणि मागोमाग इतर समाजांच्या मुलांसाठींही वसतिगृहें उघडलीं. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास काढलेल्या बोर्डिंगांत तर निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहूं व जेवूं लागलीं. ज्या काळीं आपल्या स्वयंपाकघरांत कोणाचा पाट कोठें मांडावा ह्याचे कडक नियम होते, त्या काळीं ही गोष्ट किती धैर्याची होती, हें घरांतील वृद्धांनीं तरुणांस अवश्य सांगावें. मेजाची ती जुनी फळी येथें पंक्ति झाली, आणि त्या पंक्तींतून पिढ्याच्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या.

मेजाभोंवतीं लोक जेवतात, तसे विचारविनिमयालाही बसतात. बसणाऱ्यांचा समूह हाच पुढें बोर्ड झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करण्यासाठीं ब्रिटिश पार्लमेंटानें १७८४ च्या कायद्यानें 'बोर्ड ऑफ कंट्रोल' नेमलें. तें १८५८ पर्यंत चाललें. मुंबई इलाख्यांत १८८४ च्या कायद्यान्वयें लोकल बोर्डें कामाला लागलीं, आणि १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्यावर त्यांचा काळ संपला. मुलांच्या पोटांत ज्याच्या नांवानें गोळा उठतो तें परीक्षेचें बोर्ड, म्हणजे राज्याचें माध्यमिक शिक्षण मंडळ, १९६६ च्या जानेवारींत अस्तित्वांत आलें. येथें एक मौज पाहण्यासारखी आहे. इंग्रजानें नांव ठेवतांना मधल्या फळीकडे पाहिलें. आपण 'मंडळ' म्हणजे वर्तुळ असें म्हणून भोंवतीं बसलेल्या माणसांच्या कड्याकडे पाहिलें. वस्तु एक, परंतु दृष्टि दोन.

फळीवरून माणसांवर अर्थानें मारलेली ही उडी पाहून संस्कृत शिकलेल्या वाचकांस आश्चर्य वाटणार नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं हिला लक्षणा असें नांव फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे. "मंच ओरडत आहेत" हें तिचें जुनें उदाहरण. लांकडाचा मंच ओरडूं शकत नाहीं, म्हणून मुख्य अर्थ बाधित होतो, आणि मंचाशीं ज्यांचा संबंध आहे तीं त्यावरील माणसें असा अर्थ आपण घेतों. "बोर्डानें निकाल लावला" ह्या वाक्यांत तरी वेगळें काय आहे? लांकूड निकाल लावीत नाहीं. निकाल लावणारीं माणसें असतात. विलायतेंतील शब्दालाही नियम लागू पडला तो आपल्याच अलंकारशास्त्रांतला.

मेजाशीं निगडित असा आणखी एक प्रयोग 'अबव्ह बोर्ड' हा होय. पत्ते वा फांसे खेळतांना दोन्ही हात मेजाच्या वर दिसत असले म्हणजे लबाडीला जागा राहत नाहीं. म्हणून सचोटीच्या उघड व्यवहाराला हें विशेषण लागलें. लांचेची देवघेव मात्र मराठींतही 'टेबलाखालून'च होते!

आतां दुसरें घराणें, कांठाचें. ह्याची सर्व वस्ती समुद्रावर आहे. जुन्या जहाजांचें सुकाणू म्हणजे मागल्या बाजूस उजव्या अंगाला बांधलेलें एक मोठें वल्हें असे. म्हणून उजवी बाजू ती सुकाणूची बाजू, स्टारबोर्ड. ताऱ्यांशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. 'स्टीअर' म्हणजे हांकणें, ह्या क्रियापदाचें तें बदललेलें रूप आहे. डावीला लारबोर्ड म्हणत. वादळाच्या गर्जनेंत स्टारबोर्ड आणि लारबोर्ड हे दोन हुकूम सारखेच ऐकूं येऊन घोटाळा होई. म्हणून ब्रिटिश आरमारानें १८४४ सालीं लारबोर्ड हा शब्द टाकून 'पोर्ट' हा स्वीकारला. उच्चारसाम्यानें जीव धोक्यांत येऊं शकतो, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं. 'ओव्हरबोर्ड' म्हणजे जहाजाची कड ओलांडून पाण्यांत, आणि 'ऑन बोर्ड' म्हणजे त्या कडेच्या आंत, अर्थात् जहाजावर. जहाजाचा शब्द आगगाडीनें घेतला, पुढें विमानानें घेतला. तेव्हां आजोबांचें बोर्डिंग आणि नातीचा बोर्डिंग पास, हे दिसावयास सख्खे भाऊ असले तरी एक जेवणाच्या फळीचा वंशज आहे आणि दुसरा गलबताच्या कांठाचा.

उच्चारसाम्याचा विषय निघालाच आहे, तर एक इशारा देणें अवश्य आहे. इंग्रजी 'कबर्ड' आणि आपलें 'कपाट' हीं कानाला जवळचीं वाटतात, म्हणून एक दुसऱ्यावरून आलें असें कोणी ठोकून देतात. परंतु 'कबर्ड' म्हणजे मूळची 'कप-बोर्ड', पेले मांडण्याची फळी. 'कपाट' हा शुद्ध संस्कृत शब्द असून त्याचा मूळ अर्थ दाराची फळी असा आहे. मराठींतलें कवाड हें त्याचेंच रूप. दोन्ही शब्दांत फळी आहे खरी, परंतु नातें नाहीं. शब्दांचें कूळ ठरवितांना केवळ चेहरा पाहून चालत नाहीं.

नातें नसतांही दोन भाषा एकाच वाटेनें कशा जातात, ह्याचा नमुना म्हणून आपला 'फलक' शब्द घ्या. फलक म्हणजे फळी. त्यावर चित्र काढलें कीं तो चित्रफलक. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंताजवळ असतो तो हाच. त्यावर सोंगट्या मांडल्या कीं तो खेळाचा पट. अमरकोशांत क्षत्रियवर्गांत तर फलक हा ढालीचा पर्याय म्हणून दिला आहे. आणि जुन्या इंग्रजींतही बोर्ड ह्याचा एक अर्थ ढाल असाच होता! फलकाचा फळा होऊन तो शाळेच्या भिंतीवर बसला. संस्कृत 'पट्ट' शब्दाचा वंश ह्याहून मोठा आहे. पाट, पाटी, पट्टी, पट्टा हे सारे त्याचेच. माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत 'पट्टकिल' असा अधिकारी येतो, तोच आपला पाटील. येथेंही वस्तूवरून निघालेला शब्द माणसापर्यंत येऊन पोंचला. आणि दूर कशाला जावें? वर्तमानपत्रांत "कार्यकर्त्यांची दुसरी फळी" असें आपण नित्य वाचतों. मराठी फळीलाही इंग्रजी बोर्डाप्रमाणें हातपाय फुटले आहेत.

घरांतील वडील मंडळींस माझी एक विनंति आहे. मुलें इंग्रजी शब्दांचे अर्थ घोकूं लागलीं म्हणजे त्यांना क्षणभर थांबवावें आणि "ह्याची मूळ वस्तु कोणती?" एवढा एकच प्रश्न विचारावा. न्यायाधीशांचें 'बेंच' म्हणजे मूळचें बाक. आपलें खंडपीठ आणि विद्यापीठ ह्यांतील पीठ म्हणजेही आसनच. 'ब्युरो' म्हणजे मूळचें जाडेंभरडें लोंकरी कापड. तें मेजावर अंथरीत, म्हणून मेज ब्युरो झालें आणि मग सारी कचेरीच ब्युरो झाली. असे चार-दोन शब्द रात्रीं जेवणानंतर सर्वांनीं मिळून सोडवावेत. कोशाची भीति जाईल, संस्कृताची उपयुक्तता मुलांस आपोआप पटेल, आणि परभाषेंतला शब्द हाही आपल्यासारख्याच बसणाऱ्या, जेवणाऱ्या, प्रवास करणाऱ्या माणसांनीं घडविलेला आहे, हें त्यांच्या मनांत ठसेल. भाषाशिक्षणाचें ह्याहून मोठें फळ मी तरी मागत नाहीं.