पायातली कडी

ऑक्टोबर सरला की पुण्यात पाहुणे उतरू लागतात. मैदानावर शेपटी हलवत फिरणारा धोबी, कवडीपाटला नदीपात्रातले चक्रवाक, भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे पट्टकादंब. हे कादंब मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. पण हे माणसाला कळले कसे?

एका हलक्या कडीमुळे. १८९९ साली डेन्मार्कमधले एक शिक्षक, हान्स मॉर्टेन्सन यांनी मैनेच्या कुळातील पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाच्या ॲल्युमिनियमच्या कड्या घातल्या. रीत आजही तीच आहे. बारीक जाळ्यात पक्षी अलगद धरायचा, पंख मोजायचा, वजन घ्यायचे, कडी घालून सोडायचा. पुढे तो कुठे सापडला आणि कोणी क्रमांक कळवला, की त्याचा प्रवास उलगडतो, वयाचाही अंदाज येतो.

भारतात हे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ साली सुरू केले. १९५९ पासून डॉ. सालिम अली यांनी ते जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने वाढवले. त्याआधी दोन वर्षे कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली होती, माणसे तापाने आजारी पडत होती. या तापाचे विषाणू गोचिडांबरोबर स्थलांतरित पक्षी तर आणत नाहीत ना, हे तपासायचे होते.

सालिम अली लहानपणीच यतीम झाले आणि मामूंकडे वाढले. एकदा छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाणे जायज आहे का, असे विचारत ते मामूंकडे गेले. मामू अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवले. मुलाचा प्रश्न मोठ्यांनी झटकला नाही, म्हणून देशाला पक्षितज्ज्ञ मिळाला.

२०२२ साली ठाणे खाडीतल्या सहा रोहित पक्ष्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. त्यांतल्या एकाचे नाव सालिम, दुसऱ्याचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून हुमायून. हा हुमायून गुजरातेत भावनगरला पोचल्याचे यंत्राने दाखवले. पण असे यंत्र महाग असते. हजारो पक्ष्यांसाठी कडीच परवडते, आणि ती वाचायला माणूस लागतो.

तो माणूस आपल्यापैकी कोणीही असू शकतो. कडीवाला जिवंत पक्षी दिसला तर त्याला पकडू नका. फोटो घ्या, क्रमांक, तारीख, जागा लिहून ठेवा आणि मुंबईला सोसायटीला कळवा. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका.

येरवड्याला मुळा-मुठेच्या काठी डॉ. सालिम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. तिथे राडारोडा आणि सांडपाणी येत राहिले, तर हजारो किलोमीटर उडून आलेला पाहुणा उतरणार कुठे? येत्या हिवाळ्यात एका सकाळी मुलांना घेऊन नदीवर जा. त्यांनी काही विचारले, तर उत्तर येत नसले तरी प्रश्न टाळू नका. तय्यबजींनीही टाळला नव्हता.