‘पाय इलो, आता धावतलो!’

कुणाला कृत्रिम पाय बसला की विजयदुर्गाकडे आपली माणसं हौसेनं म्हणतात, ‘पाय इलो, आता धावतलो!’ यातली माया खरी, समजूत मात्र चुकीची. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पायाची सूज कित्येक महिने ओसरत राहते, स्नायू रोडावतात. त्यामुळे सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो पोकळ भाग, हळूहळू सैल होतं. मग कातडी घासते, जखम होते आणि पाय घराच्या कोपऱ्यात उभा राहतो. शिबिरात मिळालेले कितीतरी पाय असेच पडून राहतात, कारण सॉकेट पुन्हा बेतायला कणकवलीहून गाडी धरून मुंबई-पुण्याला जाणं अनेकांना जमत नाही. महाग पाय म्हणजे चांगला पाय, हेही म्हणूनच खरं नाही. नेमकं बसलेलं सॉकेट असलेला साधा पाय केव्हाही बरा.

‘थोडं दुखणारच, सवय होईल’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. कृत्रिम पाय काढल्यावर कातडीवरची लाली थोड्या वेळात गेली नाही, तर सॉकेट चुकतंय. मधुमेहात अनेकदा संवेदनाच कमी होते, दुखतही नाही आणि जखम वाढत जाते. म्हणून रोज रात्री आरसा धरून उरलेला पाय बघायचा, आणि दुसरा, शाबूत पायही. आपल्याकडे आषाढात काही वाळत नाही. सॉकेटच्या आत ओला मोजा घालून दिवस काढण्यापेक्षा चार मोजे जास्त ठेवावेत.

कापलेल्या पायाची बोटं दुखतात, असं कुणी सांगितलं तर त्याला वेडं ठरवू नका, बाहेरची बाधाही समजू नका. पाय गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा राहतो, तुटलेल्या नसा संदेश पाठवत राहतात. वेदना खरी असते आणि तिच्यावर औषधं आहेत. शाबूत पायाचं प्रतिबिंब आरशात बघत करायचे व्यायामही आहेत, मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी ते 1990च्या दशकात पुढे आणले.

मांडी घालून जेवता येणार नाही, देवळात अनवाणी जाता येणार नाही, ही भीती तर 1968 सालीच निकालात निघाली. बुटासाठी बनवलेलं परदेशी पाऊल आपल्या राहणीला चालेना, तेव्हा जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचं, सगळ्या बाजूंनी वाकणारं पाऊल घडवलं, तेच ‘जयपूर फूट’. त्यावर उकिडवं बसता येतं, चिखलात उतरता येतं. गुडघा शाबूत असेल तर हे खूप सोपं. गुडघ्याच्या वर पाय गेलेल्याची चालताना दमछाक जास्त होते. मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांचा पाय 1981 मध्ये गेला आणि 1984 मध्ये त्या जयपूर फूटवर रंगमंचावर नाचल्या. त्यांचं नाव घेऊन घरच्या माणसाला टोचू नये. त्या तीन वर्षांत वेदना होत्या, अखंड सराव होता.

राहिल्या पायऱ्या. चढताना शाबूत पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी, एवढं शिकलं की जांभ्याच्या पायऱ्याही जमतात. पावसात मात्र त्यांच्यावर शेवाळ धरतं. तिथे हाताला कठडा लागतो. सार्वजनिक जागा अपंगांना वापरता याव्यात, असं 2016चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. धक्क्यावर आणि कचेरीच्या दारात कठडा मागणं हा हक्क आहे.