भाजें येथील सूर्य आणि चित्रें वाचण्याची ग्रीक रीत

देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या उत्तर काठीं, निघोजें हें गांव आहे. आज त्या परिसरांत मोटारींचे कारखाने उभे आहेत, आणि तेथील लहान मुलेंसुद्धां दुरून येणाऱ्या मोटारीच्या तोंडावरचें चिन्ह पाहून ती कोणत्या कारखान्याची हें बिनचूक सांगतात. अक्षरें वाचण्याची त्यांस गरज पडत नाहीं. प्राचीन ग्रीक लोक आपल्या देवतांची चित्रें ह्याच रीतीनें ओळखीत. हातांत त्रिशूळ दिसला कीं तो समुद्राचा स्वामी पोसायडन. सिंहाचें कातडें आणि सोटा दिसला कीं हेराक्लीस. जवळ घुबड असलें कीं अथीना. गरुडावरून विष्णु आणि मोरावरून कार्तिकेय ओळखणाऱ्या आमच्या वाचकांस ही विद्या नवी नाहीं. परंतु चिन्ह ओळखलें म्हणजे कथा कळली, असें होतें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास ग्रीसला जावें लागत नाहीं. ह्याच इंद्रायणीच्या खोऱ्यानें वर मावळांत गेलें म्हणजे पुरे.

मळवली स्टेशनापासून जवळच भाज्याचीं लेणीं आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या ह्या बौद्ध लेण्यांपैकीं दक्षिणेकडील एका विहाराच्या ओसरींत, एका खोलीच्या दाराच्या दोन्ही अंगांस दोन शिल्पें आहेत. एका बाजूस रथ आहे; रथांत एक तेजस्वी पुरुष व त्याच्या दोहों बाजूंस दोन स्त्रिया असून एकीनें छत्र आणि दुसरीनें चवरी धरली आहे. चाकांखालीं अवाढव्य, बेढब देह चिरडले जात आहेत. दुसऱ्या बाजूस प्रचंड हत्तीवर बसलेला राजासारखा पुरुष असून मागें ध्वज धरणारा सेवक आहे. हत्तीनें सोंडेनें एक झाडच उपटून धरलें आहे. त्याच्या पायांखालीं एक सबंध जग पसरलें आहे: कठड्याचा वृक्ष, आसनावर बसलेला राजा, नाचणारी स्त्री, वाद्य वाजविणारी स्त्री. इतका भरगच्च देखावा त्या काळच्या पश्चिम हिंदुस्थानच्या लेण्यांत क्वचितच आढळतो.

पंडितांनीं पहिल्यास सूर्य आणि दुसऱ्यास इंद्र म्हटलें, आणि पाहुण्यांस आजही तसेंच सांगण्यांत येतें. चाकांखालचे राक्षस म्हणजे अंधार, हत्ती म्हणजे ऐरावत. अर्थ सरळ लागतो. रथाचे घोडे अभ्यासक चार मोजतात. ऋग्वेदांतील सूर्य सप्ताश्व आहे. ग्रीकांचा हेलिओस मात्र चार घोड्यांच्या रथांतून निघतो. तेव्हां ही कल्पना यवनांकडून आली असावी, असा तर्क लगेच पुढें येतो.

हेलिओसचीं ग्रीक चित्रें आहेतही तशींच मनोहर. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें इ. स. पूर्वी ४३० च्या सुमाराचा एक मोठा रंगीत कुंभ आहे. त्यावर सूर्याचा रथ वर येत आहे आणि त्याच्यापुढें तारे समुद्रांत उड्या टाकीत आहेत. तारे म्हणजे चक्क लहान मुलें! अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या पूर्वेकडील त्रिकोणी भागांत एका कोपऱ्यांतून सूर्याचे घोडे वर निघतात, तर दुसऱ्या कोपऱ्यांत चंद्रदेवीचा दमलेला घोडा खालीं बुडतो. भाज्याच्या शिल्पांत ना समुद्र आहे, ना तारे, ना उदय. घोड्यांच्या संख्येवरून सारें चित्र उसनें ठरविणें आम्हांस उतावीळपणाचें वाटतें.

शिवाय कांहीं अभ्यासक ह्या शिल्पांस सूर्य-इंद्र मानीतच नाहींत. त्यांच्या मतें दोन्हीकडे नायक एकच, आणि तो मांधाता. आपल्या पुराणांतला इक्ष्वाकुकुळांतील हा चक्रवर्ती बौद्धांच्या दिव्यावदानांतही आहे. तो द्वीपामागून द्वीप जिंकीत उत्तरकुरु देशांत पोंचतो. तेथें वस्त्रें व अलंकार झाडांनाच लागतात. पुढें तो स्वर्गांत जाऊन इंद्राच्या अर्ध्या आसनावर बसतो व देवांच्या वतीनें असुरांस जिंकतो. असें धरलें म्हणजे चाकांखालचे देह अंधाराचे न राहतां असुरांचे होतात.

ग्रीकांकडे हा घोटाळा टाळण्याची एक सोय होती. १८४४ सालीं इटलींत फ्रांस्वा नांवाच्या गृहस्थास एक फुटका कुंभ सांपडला. तो आज फ्लॉरेन्स येथें आहे. इ. स. पूर्वी ५७० च्या सुमारास एर्गोटिमॉस कुंभारानें तो घडविला आणि क्लायटियसानें रंगविला. त्यावर दोनशेंहून अधिक आकृति असून शंभराहून अधिक ठिकाणीं नांवें लिहिलेलीं आहेत. पाण्याच्या घागरीजवळ 'घागर' असें लिहावयासही चित्रकार विसरला नाहीं! आपल्याकडे भरहुतच्या स्तूपावर कारागिरांनीं जातककथांच्या चित्रांखालीं अशींच नांवें कोरलीं, म्हणूनच १८७३ नंतर कनिंगहॅमला त्या कथा ओळखतां आल्या. भाज्याच्या शिल्पाखालीं असें नांव नाहीं.

नांव नसलें म्हणजे चिन्ह कसें फसवितें, ह्याचें उदाहरण कोल्हापुरांत आहे. पंचगंगेच्या कांठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४ ते १९४६ च्या उत्खननांत रोमन काळच्या कांशाच्या वस्तु निघाल्या. त्यांत दाढीवाल्या, नग्न पुरुषाची एक लहान मूर्ति आहे. पंडितांनीं ती पोसायडनची म्हणून ओळखली. कोल्हापूरच्या टाउन हॉल म्यूझियममध्यें ती पाहावयास मिळते. आतां तिच्या हातीं त्रिशूळ आहे अशी कल्पना करा. रोमच्या व्यापाऱ्यास त्यांत समुद्र दिसेल; करवीरच्या गृहस्थास मात्र शंकरच दिसेल, आणि त्यास चूक तरी कोण म्हणेल? उलट गांधार देशांतील शिल्पकारांनीं बुद्धाच्या रक्षकास, वज्रपाणीस, हेराक्लीसचें सिंहचर्म नेसविलें. पण हातीं वज्र दिलें, आणि बुद्धाजवळ उभें केलें. रूप उसनें आणले तरी अर्थ घरचाच राहिला. कार्ल्याच्या चैत्यांत खांब दान देणारे यवन आहेत, त्यांचीं नांवें तरी काय? धर्म आणि सिंहध्वज!

भाज्याच्या बाबतींत आमचा कल मांधात्याकडे आहे. बौद्ध भिक्षूंच्या ओसरींत बौद्ध ग्रंथांतील कथा असणें अधिक संभवनीय, आणि हत्तीखालचें तें सबंध जग इंद्राच्या स्वारीपेक्षां उत्तरकुरूच्या वर्णनाशीं अधिक जुळतें. मात्र छत्र-चवरीच्या त्या दोन स्त्रियांस पाहून सूर्याच्या पत्नी आठवतात, हेंही नाकारतां येत नाहीं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनीं दोन्ही कथा सांगाव्या आणि चाकांखालचा देह कोणाचा, हें त्यांनाच विचारावें.

हत्तीच्या पायाखालीं, अगदीं खालच्या भागांत, घोड्याच्या तोंडाची एक स्त्री आहे. ती पाहण्याचें सहसा राहून जातें. तिला पाहून कोणी ग्रीकांच्या अर्धमानव, अर्धअश्व केंटॉरची आठवण काढतात. पण केंटॉरचें धड घोड्याचें व तोंड माणसाचें असतें, हिचें नेमकें उलट. अश्वमुखी यक्षिणीची कथा जातकांत आहे. तिनें एका ब्राह्मणास पळवून नेऊन नवरा केलें, आणि त्यांच्या पोटीं बोधिसत्त्व जन्मास आला. पुढें मुलगा बापाला घेऊन निघून गेला, तेव्हां यक्षिणीनें दुःखानें प्राण सोडण्यापूर्वी त्यास एक मंत्र दिला. त्या मंत्राच्या जोरावर बारा वर्षांपूर्वीं उमटलेलीं पावलेंही त्यास ओळखतां येत असत.